कूलरच्या पंपाने लेथला कूलंट देताय? या चुका टाळा

लेथवर एम.एस.चा (साध्या पोलादाचा) रॉड टर्न करताना ब्रशने कूलंट, म्हणजे हत्यार थंड ठेवणारं तेल-पाणी, मारून हात भरून आला, की नजर आपोआप माळ्यावरच्या जुन्या कूलर पंपाकडे जाते. इंदुरात तो घरोघरी पडलेला असतोच. बादली, नळी, पंप, झालं काम. माझा पंधरा दिवस झकास चालला आणि मग जाम. सियागंजात नवा घ्यायला जायच्या आधी, सहज म्हणून, उघडून पाहिला. रोटरला बुराद्याच्या, म्हणजे लोखंडाच्या किसाच्या, चक्क दाढीमिशा!

अशा पुष्कळ पंपांचा रोटर म्हणजे चुंबकच असतो. पंप बादलीच्या तळाशी, बुरादाही तळाशी, मग दुसरं काय होणार? पसरट टब घ्या आणि मध्ये तीन-चार इंच उंच पत्र्याची आडभिंत घाला. परतीचं कूलंट एका बाजूला पडू द्या. बुरादा तिथेच बसतो आणि वरचं निवळ तेवढं पलीकडे उतरतं. पंप त्या पलीकडच्या बाजूला, तळापासून थोडा उचलून ठेवा. परतीच्या वाटेत जाळी आणि जुन्या स्पीकरचा मॅग्नेट हवा. पितळ-ॲल्युमिनियम मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून जाळी वगळू नका. बीड (कास्ट आयर्न) मात्र कोरडंच कापा, नाहीतर त्या काळ्या पुडीचा टबात चिखल होतो.

धार बारीक येते? खोक्यावर 6 फूट हेड लिहिलंय, म्हणजे 6 फुटांवर धार शून्य. टब जमिनीवर आणि नोझल चार फुटांवर असेल तर फार उरत नाही. टब स्टँडवर चढवा, नळी जाड ठेवा आणि कॉक नोझलपाशी बसवा. कॉक आवळल्याने हा पंप जळत नाही. जळतो तो गाडीच्या काचेवर पाणी मारणारा 12 व्होल्टचा पंप. तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो.

कापणाऱ्या हत्याराच्या कार्बाइड टिपवर कूलंट थेंब-थेंब सोडू नका. तापून-निवून तिला तडे जातात. सोडायची तर सलग धार, नाहीतर कोरडं.

कूलंट बनवताना पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल पाण्यात ओता, पाणी तेलात नव्हे. प्रमाण साधारण 1:20. नर्मदेच्या नळाचं पाणी चालतं. बोरिंगचं जड असेल तर नासक्या दुधासारखं फाटतं आणि वर साय धरते. दोन दिवस मशीन बंद राहिलं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला, तर समजा लेथच्या स्लाइडला घातलेलं तेल कूलंटवर तरंगतंय. वर्तमानपत्राचा कागद फिरवून ते टिपून घ्या.

आणि हो, विजेचं. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हा उद्योगच करू नका. टबात हात घालण्याआधी प्लग उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असेल तर फेज आत जिवंतच राहतो.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की घरचे पंप परत मागतात. मी एकदा धुऊन दिला होता. आठ दिवस बैठकीच्या खोलीत कारखान्याचा वास होता.