बॅटरीच्या टर्मिनलचं काम शिकताय? आधी मीटर धरायला शिका

ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नवीन आलेल्याला बहुतेक ठिकाणी पहिलं काम दिलं जातं ते टर्मिनल साफ करायचं, कारण सगळ्यांना वाटतं त्यात काय, गरम पाणी ओतलं, ब्रश मारला, झालं. मी बरीच वर्षं हे काम करतोय आणि माझं मत विचाराल तर वायरिंगचं अर्धं शिक्षण याच एका कामात होतं, फक्त ते नीट शिकवणारा आणि नीट शिकणारा पाहिजे. वर दिसणारी पांढरी पावडर त्रास देतेच, पण खरा घोळ असतो पोल (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्प (त्यावर आवळलेली केबलच्या टोकाची कडी) यांच्या मधल्या न दिसणाऱ्या थरात, आणि त्याहून जास्त केबलच्या आत.

आधी हे होतं का ते समजून घ्या. बॅटरी चार्ज होताना सेलमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो, त्याबरोबर सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक कण व्हेंटमधून, म्हणजे वायू बाहेर जायच्या भोकातून, नाहीतर पोलच्या सीलपाशी बाहेर येतात. शिशाला लागले की पांढरं लेड सल्फेट बनतं, तांब्याला लागले की निळं-हिरवं कॉपर सल्फेट. म्हणजे रंगावरूनच अर्धी गोष्ट कळते, निळं दिसलं की समजायचं ॲसिड तांब्यापर्यंत पोचलंय आणि आता नुसत्या ब्रशने भागणार नाही.

आता नवीन माणूस हमखास गोंधळतो ती जागा. गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, फिरत नाही, नुसतं टक टक वाजतं, पण हेडलाईट मात्र झकास लागतेय, मग सगळे म्हणतात बॅटरी चांगली आहे, सेल्फच गेला असणार, आणि सेल्फ खाली उतरतो. थोडं गणित करा. समजा खराब जोडात फक्त ०.०१ ओहमचा रेझिस्टन्स आलाय. ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो, त्याला त्या जोडात जेमतेम ०.०५ व्होल्टचा फटका बसतो, डोळ्याला कळणार पण नाही. सेल्फ घेतो दीडशे अँपिअर किंवा जास्तच, तिथे त्याच जोडात दीड व्होल्ट खाल्ला जातो आणि सेल्फ मरगळतो. साध्या मल्टिमीटरने केबलचा ओहम मोजून पण हे सापडत नाही, कारण इतका कमी रेझिस्टन्स तो मीटर धड दाखवतच नाही.

म्हणून लोड टाकून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे जोडात किंवा केबलमध्ये किती व्होल्ट खाल्ला जातो ते बघायचं, आणि ही टेस्ट ज्याला आली त्याला कधी अंदाजपंचे पार्ट बदलावे लागत नाहीत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, फ्युएल पंपचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवायचा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या पोलवर, हो पोलवरच, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरा त्याच पोलच्या क्लॅम्पवर, मग कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. चांगल्या जोडात रीडिंग जवळजवळ शून्य येतं. मग दुसरा प्रोब सेल्फच्या जाड बोल्टवर न्या, म्हणजे अख्खी पॉझिटिव्ह केबल मोजली गेली, इथे साधारण ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे, ०.५ च्या वर गेलं तर केबल किंवा जोड गेला म्हणा. तसंच निगेटिव्ह पोल ते इंजिनचा ब्लॉक. ही निगेटिव्ह बाजू लोक विसरतातच, इंजिन ते बॉडीचा अर्थिंगचा पट्टा सडलेला असतो आणि माणूस पॉझिटिव्ह घासत बसलेला असतो!!

आणि हे सगळं करायच्या आधी बॅटरीचं स्वतःचं व्होल्टेज बघा, गाडी थोडा वेळ उभी असताना १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, रिकाम्या बॅटरीवर ड्रॉप टेस्ट करून काही अर्थ नाही, आधी चार्ज करा.

आता उघडायचं. निगेटिव्ह आधी काढायचा, जोडताना निगेटिव्ह शेवटी. कारण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, निगेटिव्ह लावलेला असताना पॉझिटिव्हचा नट ढिला करताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट, आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असेल तर तो हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. गॉगल घालाच, यात मी कुणालाच सूट देत नाही. डोळ्यात ॲसिड गेलं तर लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ डॉक्टर गाठायचा. बॅटरी काढून परत लावल्यावर रेडिओला कोड लागतो का हे गाडीच्या मालकाला आधीच विचारून घ्या, नंतर वाद नको. नवीन गाड्यांमध्ये निगेटिव्ह क्लॅम्पवरच बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, त्याला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, नाजूक असतो तो.

क्लॅम्प निघत नसेल तर ठोकू नका, पिळू पण नका. पोल हलला की त्याचं सील फाटतं आणि मग तिथून कायम ॲसिड झिरपत राहतं, म्हणजे तुम्हीच पुढच्या गंजाची सोय करून ठेवली. क्लॅम्प सरळ वर ओढून काढायचं पुलर वापरा. नसेल तर गरम पाणी सोडा, थोडं थांबा, क्लॅम्पचं तोंड हळूच फाकवा.

पावडर कोरडी घासायची नाही. त्यात शिसं आहे, ते नाकात जातं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाका, व्हेंटची झाकणं घट्ट आहेत ना बघा कारण सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिड मरतं, आणि मग ब्रशने लावा. फसफसतंय तोवर ॲसिड आहे, फसफस थांबली की साध्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा. मग पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू ब्रशने चकचकीत करा पण बेताने, शिसं मऊ असतं, जास्त खरवडलं की क्लॅम्प खालपर्यंत बसतो आणि तरी फिरतो. मोठ्या पोलमध्ये पॉझिटिव्ह वरच्या टोकाला १७.५ आणि निगेटिव्ह १५.९ मिलिमीटर, म्हणजे दोन्हीचे क्लॅम्प वेगळे असतात, अदलाबदल करायची नाही. क्लॅम्पची दोन्ही टोकं एकमेकांना टेकली आणि तरी ढिला असेल तर क्लॅम्प बदला, मध्ये पत्र्याचा तुकडा घालणं हा इलाज नाही. व्हॅसलीन किंवा टर्मिनल ग्रीस जोड घट्ट करून झाल्यावर वरून लावा, हवा आणि ओल लागू नये एवढंच त्याचं काम.

आता केबल, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तांब्याच्या बारीक तारांमधून ॲसिड दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं आत चढत जातं. वरून रबर ठीक दिसतं, पण हाताने वाकवून बघा, टोकापाशी कडक लागते का, फुगलीय का, आत चुरचुरल्यासारखं होतं का. तसं असेल तर सोलून बघा. काळ्या किंवा हिरव्या तारेवर थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबून काही होत नाही, चकचकीत लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं. तेवढी लांबी उरत नसेल तर पूर्ण केबल बदला, ओढून-ताणून बसवलेली केबल इंजिनच्या हादऱ्याने परत सुटते. नवीन केबल जुन्याच्या जाडीची किंवा एक नंबर वरची, आधी २५ स्क्वेअर एमएम असेल तर त्यापेक्षा बारीक अजिबात नाही.

थिंबल कलई केलेलं तांब्याचं घ्या, केबलच्या मापाचंच, आणि हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. हातोडी-छिन्नीने दाबलेलं थिंबल त्या दिवशी चालतं, पण तारांमध्ये फट राहते आणि ओल शिरते. सोल्डर करावं का यावर बरीच वादावादी होते, माझं मत नाही, कारण सोल्डर तारांमधून मागे चढतं आणि जिथे संपतं तिथे केबल कडक होऊन हादऱ्याने तुटते, शिवाय जोड तापला तर ६०/४० चं सोल्डर १९० डिग्रीच्या आसपास पाणी होतं. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. आणि ते दोन बोल्टचं तार दाबून बसवायचं टर्मिनल मिळतं ना, ते रस्त्यात अडकलेली गाडी घरी आणायला ठीक, पण तारा उघड्या राहतात म्हणून कायमचं म्हणून मी ते लावत नाही.

सगळं जोडलं की ड्रॉप टेस्ट परत घ्या, आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून गाडीवाल्याला दाखवा. मग फ्यूज परत लावून इंजिन चालू करा आणि चार्जिंग बघा, साध्या अल्टरनेटरला १३.८ ते १४.५ च्या दरम्यान पाहिजे, नवीन स्मार्ट चार्जिंगवाल्या गाड्यांत हे वरखाली होतं ते चालतं. सतत १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, बॅटरी उकळतेय. बॅटरीतलं पाणी मॅक्सच्या रेघेच्या वर भरलेलं असेल तरी ॲसिड बाहेर येतं. दोन्ही ठीक असून महिना-दोन महिन्यांत एकाच पोलला परत पावडर धरली तर त्या पोलचं सील गेलंय, तिथे कितीही साफ करा उपयोग नाही, बॅटरी बदलायला सांगा.