६४ जीबीत ११ जीबी का मावत नाही? मोठी फाइल कॉपी होताना अडली तर काय करावं

मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीचं शूटिंग हार्ड डिस्कवर आलं. एकच फाइल, ११ जीबीची. ती पेनड्राइव्हवर घालून तिच्या सासूबाईंना टीव्हीवर दाखवायची, एवढंच काम होतं. तासाभराने तिचा फोन आला, "अरे, ६४ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह आहे आणि हा म्हणतो फाइल फार मोठी आहे. ६४ मध्ये ११ मावत नाहीत?" तोवर तिने दुकानात जाऊन पेनड्राइव्ह बदलूनही आणला होता. नव्यावरही तेच. दोन्ही पेनड्राइव्ह धडधाकट होते.

अशा वेळी बहुतेक जण आधी फॉरमॅट मारतात आणि मग विचार करतात. क्रम उलटा हवा. फाइल अडली की स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे संदेश आणि कोड हाताशी राहतो. मग तीच फाइल आणखी एकदा कॉपी करून बघा आणि लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: ती कुठे थांबते? सुरूच होत नाही, दर वेळी वेगळ्याच जागी तुटते, की दोन्ही वेळा त्याच टक्क्याला अडते? संदेश पुष्कळदा मोघम असतो, थांबण्याची जागा सहसा फसवत नाही.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळा. मोठी फाइल कधीही 'कट' करून हलवू नका. कॉपी करा, नीट उघडते का बघा, मग जुनी काढा.

सुरूच होत नाही

पेस्ट केल्याबरोबर 'द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम' असं आलं, तर मोडलेलं काहीच नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. १९९६ च्या सुमारास विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेली ही पद्धत प्रत्येक फाइलचा आकार ३२ बिटांच्या रकान्यात लिहून ठेवते. त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठ्या फाइलचा आकार लिहायलाच जागा नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा असो की ६४० चा. विंडोज ही गोष्ट आधीच तपासतं, म्हणून एकही बाइट न हलवता नकार देतं.

खात्री करायला 'धिस पीसी' उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टिम' समोर काय लिहिलंय ते वाचा. फॅट३२ असेल तर पुढचा निर्णय तो ड्राइव्ह शेवटी कशाला लावायचा आहे यावर घ्या.

कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर न्यायचा असेल तर एक्सफॅट. २००६ साली आलेली ही पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हींना लिहिता-वाचता येते, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०१९ पासून तिची सोय आहे. राइट क्लिक, फॉरमॅट, यादीतून एक्सफॅट. 'अलोकेशन युनिट साइझ' आहे तसंच राहू द्या. ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. ड्राइव्ह फक्त विंडोजवरच वापरायचा असेल तर एनटीएफएस करा, पण मॅक ती नुसती वाचतो, आपण होऊन तिच्यावर लिहीत नाही. जुने टीव्ही आणि गाडीतले म्युझिक सिस्टिम यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या कित्येकांना फॅट३२ शिवाय दुसरं काही कळतच नाही. तिथे फाइलचेच तुकडे करावे लागतात, त्याबद्दल शेवटी.

फॅट३२ ड्राइव्हवर आधीचा डेटा आहे आणि तो पुसायचा नाही, अशी वेळ आली तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि

कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस

ही आज्ञा द्या. इथल्या सगळ्या आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, आणि ई च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर. डेटा जागेवर राहतो, फक्त पद्धत बदलते. परत फॅट३२ करायचं तर मात्र फॉरमॅटच. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत आधी कुठेतरी ठेवाच.

शूटिंग करणाऱ्यांना हा ४ जीबीचा उंबरठा चांगला माहीत असतो. ४ ते ३२ जीबीची एसडी कार्डं फॅट३२ असतात, त्यामुळे कॅमेरा लांब रेकॉर्डिंग स्वतःच ४ जीबीच्या आसपास तोडून नवी फाइल सुरू करतो. ६४ जीबीपासूनची कार्डं एक्सफॅट येतात.

सुरुवातीलाच अडण्याची आणखी काही किरकोळ कारणं: एसडी कार्डाच्या अडॅप्टरवरची छोटी कळ 'लॉक' कडे सरकलेली असणं, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असणं, आणि लांबलचक पत्ता. फोल्डरात फोल्डर, त्यात 'फायनल नवीन फायनल २' अशी नावं करत गेलं की संपूर्ण पत्ता २६० अक्षरांची मर्यादा ओलांडतो आणि विंडोज एक्सप्लोरर हात वर करतो. फोल्डर थेट ड्राइव्हच्या मुळाशी आणा, नावं आखूड करा. आणि हो, १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबीच दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. त्यात चोरी कुणीच केलेली नाही.

दर वेळी वेगळ्या जागी तुटते

एकदा १२ टक्क्यांना, एकदा ७० ला. मध्येच ड्राइव्ह गायब होतो, पुन्हा 'टिंग' वाजून येतो. एरर कोडच्या शेवटी ००७९ किंवा ०४५डी असतं. हे दिसलं की माझा पहिला संशय केबलवर जातो, आणि तो बहुतेकदा खरा ठरतो. डिस्क महागाची घेतो आणि तिला लावायला ड्रॉवरमधली मिळेल ती केबल.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आधी दुसरी केबल, शक्यतो आखूड. मग यूएसबी हब बाजूला काढून ड्राइव्ह सरळ कॉम्प्युटरला. मग डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागचं. पुढचं पोर्ट आतल्या एका जादा वायरीने मदरबोर्डपर्यंत जातं, मागची पोर्टं बोर्डावरच असतात.

विजेचा मुद्दाही इथेच येतो. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क आपली सगळी वीज यूएसबीतून घेते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. साधा हब तेवढ्याच विजेत कीबोर्ड, माउस आणि डिस्क सगळ्यांना जेवायला घालतो. डिस्क उपाशी राहिली की लिहिता लिहिता तिची तबकडी मंदावते आणि कॉपी तुटते. हब वापरणं भागच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

लांबलचक कॉपी लावून जेवायला जायचं असेल तर कॉम्प्युटर झोपणार नाही एवढं बघा. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये स्लीप 'नेव्हर' करा, आणि प्रगत सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. विजेचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपवरून करा.

वेग कमी होणं म्हणजे बिघाड नव्हे. यूएसबी २ चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण हातात साधारण ३० मेगाबाइट पडतात. म्हणजे १०० जीबीला जवळजवळ तास. त्यामुळे पोर्ट यूएसबी ३ चं आहे ना, ते आधी बघा. पुष्कळदा आतली पट्टी निळी असते. स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला धावतो आणि काही जीबीनंतर रांगायला लागतो, कारण त्यातली जलद साठवण भरलेली असते. ९९ टक्क्यांवर बराच वेळ अडकलं तरी उपटू नका. कॉम्प्युटरने रॅममध्ये धरून ठेवलेला डेटा अजून ड्राइव्हवर उतरत असतो.

जोड पुन्हा पुन्हा तुटतच असेल तर विंडोजमध्ये आधीपासून असलेली रोबोकॉपी वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

रोबोकॉपी डी:\मुंज ई:\मुंज /झेड /आर:२ /डब्ल्यू:५

'झेड' मुळे तुटलेली फाइल पहिल्यापासून न सुरू करता पुढे चालू करता येते. 'आर' म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न, 'डब्ल्यू' म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं. हे दोन आकडे विसरू नका. दिले नाहीत तर रोबोकॉपी १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. चिकाटी वाखाणण्यासारखी आहे, पण तेवढं आपलं आयुष्य नाही.

दर वेळी त्याच जागी अडते

इथे सावकाश चाला. फाइल दोन्ही वेळा ४३ टक्क्यांनाच अडत असेल, आणि कोड ००१७ ने संपत असेल किंवा 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असे शब्द दिसत असतील, तर डिस्कवरचा तो भाग वाचताच येत नाहीये.

आधी दोषी डिस्क कोणती ते ठरवा. तीच फाइल तिसऱ्याच जागी, उदाहरणार्थ कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, कॉपी करून बघा. तिथेही ४३ लाच अडली तर मूळ डिस्क खराब. तिथे सुरळीत गेली तर नवीन ड्राइव्हमध्ये खोट.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती नोंद दाखवतं. ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्य नसेल तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, मरायला लागलेत. सी७ ची ओळ वेगळी. तिथला आकडा वाढत असेल आणि बाकीच्या तीन शून्य असतील, तर डिस्क निर्दोष आहे आणि केबल बदलायची आहे. ही एक ओळ बघून मी एका ओळखीच्यांची नवी डिस्क घ्यायची खरेदी थांबवली होती.

मूळ डिस्क खराब निघाली तर हात 'चेकडिस्क' कडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या आज्ञेकडे जातो. सगळे तेच सुचवतात. मी थांबायला सांगेन. आज्ञेपुढे 'आर' लावला की चेकडिस्क सगळी डिस्क इथून तिथून वाचते, बिघडलेल्या जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटते आणि फाइलींच्या नोंदीही बदलते. मरायला टेकलेल्या डिस्कला हा व्यायाम सोसत नाही. आधी निघेल तो डेटा काढा: अडणारी फाइल सोडून बाकीच्या, त्यातही ज्यांची दुसरी प्रत नाही त्या पहिल्या. अडणाऱ्या फाइलसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरता येतं. ते सोपे भाग आधी उचलतं, अवघड मागे ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबून पुन्हा सुरू करता येतं. व्हिडिओ असेल तर मधल्या काही चौकटी जातील, बाकीचा बहुधा चालेल. डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

कोडच्या शेवटी ०५७० असेल आणि स्मार्टच्या ओळी स्वच्छ असतील तर बिघाड डिस्कचा नसून नोंदींचा असतो, सहसा ड्राइव्ह न सांगता उपटल्याने झालेला. तिथे 'चेकडिस्क' जरूर चालवा, पण पुढे फक्त 'एफ' लावून. स्पेलिंग सी-एच-के-डी-एस-के, मग ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, मग /एफ. आणि दोष नव्या ड्राइव्हकडे असेल तर त्यावर 'क्विक फॉरमॅट' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागेल, पण त्यात प्रत्येक जागा तपासली जाते. त्यातही अडला तर वॉरंटी शोधा.

तक्रार न करता झाली, पण उघडत नाही

सर्वांत वाईट प्रकार हाच. रस्त्यावर किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळालेला '२ टीबी' चा पेनड्राइव्ह आत ३२ जीबीचा असू शकतो. चिप खोटी क्षमता सांगते, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, आणि खऱ्या जागेपलीकडचा डेटा हवेत जातो. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतं. नवा पेनड्राइव्ह त्यात घातल्याशिवाय मी त्यावर कुणाचं लग्न ठेवत नाही.

महत्त्वाच्या फाइलची प्रत तंतोतंत आहे का हे बघायला:

सर्टयुटिल -हॅशफाइल डी:\मुंज.एमपी४ एसएचए२५६

६४ अक्षरांची एक ओळ मिळेल, फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. मग ड्राइव्ह 'सेफली रिमूव्ह' करून काढा, परत लावा आणि प्रतीची ओळ काढा. काढून लावायचं कारण, नाहीतर कॉम्प्युटर रॅममधल्या ताज्या डेटावरूनच उत्तर देऊ शकतो. दोन्ही ओळी जुळल्या तर प्रत बिनचूक. वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या केबलनेही ओळी कधी जुळतात कधी नाही असं होत असेल, तर कॉम्प्युटरची रॅम तपासा. 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' त्यासाठीच आहे.

तर बहिणीचा पेनड्राइव्ह आम्ही एक्सफॅट केला, ११ जीबी सरळ गेले, आणि सासरच्या टीव्हीने ड्राइव्ह ओळखायलाच नकार दिला. सेव्हनझिप या सॉफ्टवेअरने पाडलेले तुकडे टीव्हीवर चालत नाहीत, ते कॉम्प्युटरवर पुन्हा जोडावे लागतात. म्हणून एमकेव्हीटूलनिक्स हे व्हिडिओ कापणारं सॉफ्टवेअर घेतलं, 'आफ्टर आउटपुट साइझ' मध्ये ३९०० एमबी घातले. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, नुसतं कापलं जातं, त्यामुळे थोडक्या वेळात एमकेव्हीचे तीन तुकडे झाले. पेनड्राइव्ह परत फॅट३२. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सगळं दिसलं. पण मातृभोजनाच्या मधेच पहिली फाइल संपते, आणि सासूबाई विचारतायत, पुढचं जेवण कुठे गेलं?"