सैनिकी सेवानोंदी आणि पदके: निवृत्तीनंतर दुरुस्ती कशी करून घ्यावी

निवृत्त सैनिकाच्या सेवानोंदीतली चूक बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी उघडकीस येते. हयातीचा दाखला देताना आधार कार्डावरचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशातील नावाशी जुळत नाही, माजी सैनिक वारल्यावर पत्नीची जन्मतारीखच नोंदलेली नसल्याचे कळते, किंवा पलटणीच्या मेळाव्यात सोबत्याच्या छातीवरचे पदक पाहून, त्याच मोहिमेत आपणही होतो, मग आपले पदक कुठे गेले, असा प्रश्न पडतो. चूक जिथे दिसली तिथेच ती दुरुस्त व्हावी असा आग्रह धरला की वर्षे जातात. बँक, सेतू केंद्र किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांपैकी कोणालाही लष्करी नोंद बदलण्याचा अधिकार नसतो. नोंद ज्या कागदावर प्रथम चुकली त्या कागदापर्यंत मागे जावे लागते आणि तो कागद ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथेच अर्ज करावा लागतो.

त्यासाठी कागदांची उतरंड ठाऊक असावी. भरतीच्या दिवशी भरलेला एनरोलमेंट फॉर्म हा सर्वांचा पाया होय. त्यावरून शीट रोल, म्हणजे सैनिकाचे सेवापत्रक, तयार होतो आणि लग्न, अपत्ये, बढती, बदली, शिक्षा, वैद्यकीय श्रेणी, पदके अशी पुढची प्रत्येक घटना युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डर या लेखी नोंद-आदेशाद्वारे त्यात चढते. डिस्चार्ज बुक हा या नोंदींचा गोषवारा असतो. त्याच नोंदींच्या आधारे पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश, निघतो आणि आता तो ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत गेलेला आहे. म्हणून स्पर्शमध्ये पत्नीचे नाव चुकलेले दिसले तर आधी डिस्चार्ज बुक पाहावे. तिथे नाव बरोबर असेल तर चूक पीपीओ काढताना किंवा माहिती संगणकात चढवताना झाली आहे आणि तिची दुरुस्ती तुलनेने सोपी असते. डिस्चार्ज बुकातही चुकले असेल तर पार्ट टू ऑर्डर तपासावी लागते. आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर कधी निघालीच नसेल, तर काम नवी नोंद करून घेण्याचे आहे, जुनी सुधारण्याचे नाही. डिस्चार्ज बुकात स्वतःच्या हाताने खाडाखोड मात्र कधीही करू नये. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी सगळे पुस्तक संशयास्पद ठरते.

जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्या नोंदी त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला आणि सिग्नल्सचे जबलपूरला आहे. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई सैनिकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्क येथील वायुसेना रेकॉर्ड ऑफिस. अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र दिल्लीतील मुख्यालयात असतात. मराठा रेकॉर्डमध्ये मराठी वाचणारा कोणी भेटेलही, पण तोच कागद पुढे निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या प्रयागराजच्या लेखा कार्यालयात जाणार असतो, म्हणून अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीतच करावा.

अर्जाआधी स्वतःच्या कागदांच्या प्रती

रागाच्या भरात थेट तक्रार लिहिण्याआधी आपल्याबद्दल रेकॉर्डमध्ये नेमके काय लिहिले आहे याच्या प्रती मिळवाव्यात. साध्या पत्राने त्या मिळाल्या तर उत्तमच. न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे; उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि प्रथम अपिलाचा निर्णय आल्यापासून किंवा यायला हवा होता त्या तारखेपासून ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. या अर्जात प्रश्न विचारू नयेत, कागद मागावेत. ‘मला पदक का दिले नाही’ या प्रश्नाला माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नसतो, परंतु ‘माझ्या शीट रोलची, पदकांविषयीच्या सर्व पार्ट टू ऑर्डरची आणि अमुक ते अमुक काळातील माझ्या नेमणुकांच्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी’ या मागणीला ठोस उत्तर द्यावे लागते. स्वतःचीच नोंद मागत असल्यामुळे खासगी माहितीचे कारण पुढे करता येत नाही. पत्नी किंवा मुले मागत असतील तर नाते सिद्ध करणारा कागद जोडावा.

येथे एक इशारा द्यायला हवा. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही अशा सैनिकांची सेवा-कागदपत्रे सेवा संपल्यानंतर २५ वर्षांनी नष्ट केली जातात आणि मागे फक्त लाँग रोल या कायमच्या नोंदवहीतली त्रोटक नोंद उरते. दहा-बारा वर्षे नोकरी करून घरी आलेल्या माणसाने हा काळ उलटण्याआधीच प्रती काढून ठेवाव्यात. नंतर त्याचे म्हणणे खरे असूनही ते सिद्ध करण्याचे साधन सरकारकडेही उरत नाही.

नाव, वय आणि कुटुंब

महाराष्ट्रातल्या सैनिकांच्या नावांत होणारे घोळ ठरावीक आहेत. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी, तर लष्करात फक्त नाव आणि आडनाव. एका कागदावर ‘तानाजी’, दुसऱ्यावर ‘तानाजीराव’. पत्नी कुठे ‘सुमन’, कुठे ‘सुमनबाई’, आणि लग्नात नाव बदलले असेल तर माहेरच्या कागदांवरची बाई आणि सासरच्या कागदांवरची बाई या सरकारच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती. यावर उपाय करण्याआधी एक हिशेब करावा. लष्करी नोंद शाळेच्या दाखल्याशी जुळत असेल आणि आधार कार्डच वेगळे असेल, तर आधार दुरुस्त करून घ्यावे; ते काम काही दिवसांत होते. लष्करी नोंदच चुकलेली असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, आधार व पॅन यांच्या साक्षांकित प्रती आणि नाव खरोखर बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी, असा संच जोडून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. रेकॉर्डने नोंद सुधारल्यावर सुधारित पीपीओ निघतो, ज्याला सर्वजण ‘कॉरिजेंडम’ म्हणतात. तो हाती येईपर्यंत काम अर्धेच झालेले असते.

पत्नीच्या जन्मतारखेकडे लोक फार दुर्लक्ष करतात, आणि नुकसान तिथेच सर्वाधिक होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रीला वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के जादा रक्कम मिळते. पण पीपीओत जन्मतारीख नसेल किंवा चुकीची असेल तर ही वाढ आपोआप सुरू होत नाही. खेड्यातल्या वृद्ध बाईकडे जन्माचा दाखला नसणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, पारपत्र यांसारख्या कागदांचा आधार घेता येतो. मात्र या कागदांवरची तारीख एकमेकांशी जुळते ना, हे अर्ज पाठवण्याआधी पाहावे. दोन तारखांचे दोन कागद एकाच लखोट्यात पाठवणे म्हणजे आपणच आक्षेपाला आमंत्रण देणे होय. दिव्यांग अपत्याचे किंवा विधवा, घटस्फोटित मुलीचे नाव नोंदवायचे असेल तर ते सैनिकाने स्वतःच्या हयातीत नोंदवावे. मागाहून सिद्ध करणे कठीण जाते.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख बदलून घेण्याच्या फंदात, विशेषतः निवृत्तीनंतर, पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भरतीच्या वेळी स्वीकारलेली तारीख अंतिम मानली जाते आणि सेवेच्या शेवटी केलेले असे दावे न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांच्या बाबतीत लष्कराच्याच एका शाखेत जन्मवर्ष १९५१ आणि दुसऱ्या शाखेत १९५० असे नोंदलेले होते, तरीही फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांना आपली याचिका मागे घ्यावी लागली. लष्करप्रमुखाची ही कथा, तर सामान्य जवानाने अपेक्षा कशावर ठेवावी?

पदके: हक्क कुठे आहे आणि कुठे नाही

पदकांचे दोन वर्ग मनात पक्के वेगळे ठेवावेत. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंतचे शौर्य पुरस्कार शिफारशीवर आणि सरकारच्या निर्णयावर मिळतात. ते हक्क म्हणून मागता येत नाहीत. मिळालेला पुरस्कार नोंदीत चढला नसेल तर मात्र काम सोपे आहे, कारण प्रत्येक शौर्य पुरस्कार भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्या अधिसूचनेची तारीख व क्रमांक जोडला की वादाला जागा उरत नाही. दुसरा वर्ग मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांचा. १९६५ चे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, कारगिलचे ऑप विजय स्टार व ऑप विजय मेडल, सैन्य सेवा मेडल, ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदके, ही सर्व ठरलेली अट पूर्ण केली की मिळावीच लागतात. गोवा मुक्तीच्या मोहिमेसाठीही १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी ठेवलेली होती.

ही पदके राहून जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे संलग्न सेवा. इएमईचा (यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) कारागीर, सिग्नल्सचा (संदेशवहन दलाचा) ऑपरेटर, मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट हे मोहिमेच्या काळात दुसऱ्याच पलटणीबरोबर असतात. ती पलटण आपल्या जवानांची यादी करते, मूळ युनिटला वाटते की त्यांनी केले असेल, आणि मधल्या मधे या माणसाची पार्ट टू ऑर्डर निघतच नाही. अशा सैनिकाने ‘मी तिथे होतो’ एवढे सांगून भागत नाही. मूव्हमेंट ऑर्डर, त्या काळातली रुग्णालयाची कागदपत्रे, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येते, पण पगाराचा हिशेबही मागवावा. फील्ड भत्ता, अति उंचीवरचा भत्ता किंवा सियाचीन भत्ता त्या महिन्यांत खात्यावर जमा झालेला दिसत असेल, तर सरकारनेच तुम्हाला त्या क्षेत्रात हजर मानले होते याचा तो भक्कम पुरावा होतो. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत, पण ती पूरक समजावीत. युनिटची वॉर डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजची नोंदवही, माहितीच्या अधिकारात बहुधा सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाते. युद्धनोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे जुन्या मोहिमांबाबत विचारून पाहायला हरकत नाही.

अर्जात नंबर, हुद्दा, नाव, मोहिमेच्या वेळचे युनिट, संलग्न असल्यास ते युनिट, तारखा आणि पदकाचे नेमके नाव एवढे असावे. पराक्रमाचे वर्णन नसावे. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे पदक हाती आल्यावर तेही तपासून घ्यावे. पदक हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून रेकॉर्डमार्फत बदली पदकासाठी अर्ज करता येतो. दुकानात मिळणारी टेलर कॉपी छातीवर लावायला चालते, हक्काचा पुरावा म्हणून नाही.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर

लिपिकाची चूक आणि अधिकाऱ्याचा निर्णय यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. डिस्चार्जचा प्रकार, चारित्र्याचा शेरा, अपंगत्व सेवेमुळे आले नाही असे वैद्यकीय मंडळाचे मत, किंवा पदकाच्या अटीत बसत नाही असा निष्कर्ष, हे रेकॉर्ड ऑफिस स्वतःहून बदलू शकत नाही. अपंगत्वाच्या प्रकरणात भरतीवेळची वैद्यकीय नोंद आवर्जून मिळवावी. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो माणूस तेव्हा निरोगी होता असे धरून चालावे.

यापुढचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते, त्याचे एक प्रादेशिक खंडपीठ मुंबईत आहे आणि निवृत्त सैनिकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येते. तिथे जाण्याआधी खात्यातले उपाय संपलेले असावे लागतात. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो; निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. म्हणून प्रत्येक अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी, कारण मुदत त्या पोचपावतीवरून मोजली जाते. कारगिलमध्ये बटालिक भागातल्या ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने २०१० मध्ये युद्धाच्या अधिकृत वृत्तांतातच सुधारणा करण्यास सांगितले होते. म्हणजे कागद ठोस असतील तर नोंद कितीही मोठ्या दर्जाची असली तरी ती बदलू शकते. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

निवृत्तिवेतनाशी जोडलेल्या दुरुस्तीत थकबाकीचा प्रश्न येतो. उशिरा दावा केल्यास मूळ हक्क बुडत नाही, परंतु तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. दुरुस्तीचे पत्र आल्यावर कॉरिजेंडम पीपीओ आणि स्पर्शमधील माहिती अक्षरशः जुळवून पाहावी, डिस्चार्ज बुकातली नोंद रेकॉर्डच्या सही-शिक्क्यानिशी करून घ्यावी, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन तिथल्या ओळखपत्राची नोंदही बदलून घ्यावी.