कोकोच्या ओल्या बियांपासून चॉकलेटयोग्य बिया कशा तयार कराव्यात

भाजल्यावर चॉकलेटची चव खुलते हे खरे, पण तिचा पाया त्याआधीच, ओल्या बिया पेटीत आंबत असताना पडतो. नीट न आंबलेली बी कितीही निगुतीने भाजली तरी तुरटच लागते. म्हणून सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

फुलापासून फळ पिकायला 5 ते 6 महिने लागतात. हिरवे फळ पिवळे किंवा लाल फळ नारिंगी होऊ लागले की देठ कात्रीने कापा. ओढून तोडल्यास खोडावरची फुले येण्याची जागा दुखावते आणि तिथे पुन्हा फळ धरत नाही. फळ लाकडी दांडक्याने फोडा. कोयत्याने बी चिरली गेली तर आत बुरशी शिरते. मधला दांडा, कुजलेल्या आणि कोंब फुटलेल्या बिया काढून टाका. पांढरा गर मात्र धुऊ नका. आंबण्याची सगळी भिस्त त्यातल्या साखरेवर असते.

पेटी लाकडी हवी आणि रस निथळायला तळाला भोके हवीत. ओल्या बिया निदान 50 किलो असाव्यात, नाहीतर ढीग पुरेसा तापत नाही. वर केळीची पाने आणि गोणपाट घाला. पहिले दोन दिवस यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, तेव्हा ढीग हलवू नका. 48 तासांनी सगळा ढीग उलथा, पुढे दर एक-दोन दिवसांनी पुन्हा. हवा लागली की जिवाणू अल्कोहोलपासून व्हिनेगरमधले आम्ल बनवतात आणि तापमान 45 ते 50 अंश सेल्सिअसवर जाते. या उष्णतेने आणि आम्लाने बीजांकुर मरतो, पेशी फुटतात आणि चवीची घटकद्रव्ये तयार होऊ लागतात. तिसऱ्या दिवशीही ढिगाचा मध्य कोमटच असेल, तर माल कमी आहे किंवा उलथणे राहिले आहे.

फोरास्टेरो जातीला साधारण 5 ते 7 दिवस लागतात, क्रिओलोला 2 ते 3. दिवस मोजण्यापेक्षा बी उभी चिरून पाहणे अधिक भरवशाचे. फोरास्टेरोची बी आतून पाटीसारखी करडी दिसली तर ती आंबलेलीच नाही, गडद जांभळी दिसली तर अर्धवट. तपकिरी होऊन आत भेगा पडल्या की काम झाले. अमोनियासारखा वास म्हणजे उशीर झालाय. बिया लगेच वाळत घाला.

सुरुवातीला कडक उष्णता देऊ नका. साल झटकन कडक झाली तर आम्ल आतच कोंडते आणि चॉकलेट आंबट होते. सुमारे 5 सेंटीमीटरचा थर पसरून दिवसातून अनेकदा हलवा, रात्री झाका. चांगल्या उन्हात आठवडाभर लागतो. ओलावा 7 टक्क्यांच्या आसपास आणा: 8 च्या वर बुरशी धरते, 6 च्या खाली बी ठिसूळ होऊन फुटते. मूठभर बिया दाबल्यावर कडकड वाजल्या तर वाळल्या. लाकडाच्या धुरावर वाळवू नका, तो वास पुढे कशानेही जात नाही.

पुढचे काम त्यामानाने सरळ आहे. 120 ते 140 अंशांवर 20 ते 30 मिनिटे भाजा, गार झाल्यावर भरडा आणि फोलपटे पाखडून टाका. उरलेले तुकडे साखरेबरोबर दगडी ग्राइंडरमध्ये जिभेला कण लागेनासा होईपर्यंत वाटा. याला एक ते तीन दिवस लागू शकतात. भांडे कोरडे ठेवा, कारण थोडेसे पाणी पडले तरी मिश्रण घट्ट गोळा होऊन बसते.