जुन्या काउंटीचे कुरण कागदांतून कसे वाचावे

अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, 1940 ते 1960 या काळात लोक कसे राहत होते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने आधी तिथले गवत वाचावे आणि मग माणसांकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. पहाटेची धार, कर्जाचा हप्ता आणि सुक्या गवताच्या दिवसांत शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात राबणे, या साऱ्याची वेळ कुरणच ठरवत असे. आज यांपैकी पुष्कळ कागद घरबसल्या पाहता येतात. मात्र ते कोणत्या क्रमाने पाहावेत, याला महत्त्व आहे.

सुरुवात हवाई छायाचित्रांनी करावी. 1930च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या केंद्रीय कृषी खात्याने शेतजमिनीची अशी छायाचित्रे पद्धतशीरपणे काढून घेतली. त्यांतील बहुतेकांचे प्रमाण 1:20,000 असल्यामुळे मूळ प्रतीवरील एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील 200 मीटर होतात. कापणीसाठी राखलेले गवत एकसारख्या करड्या छटेचे दिसते, तर चराईच्या जमिनीवर एकांड्या झाडांचे काळे ठिपके आणि गुरांच्या पायवाटांच्या फिकट रेघा असतात. भिंगाखाली या रेघांचा माग काढत गेल्यास त्या जिथे एकवटतात, तिथे पाणवठा किंवा फाटक सापडते. भोवतीचा पांढरट पट्टा मोठा असेल, तर तिथले गवत तुडवून संपलेले आहे. त्याच शेताचे दहा-बारा वर्षांनंतरचे छायाचित्र शेजारी ठेवावे. मधे नवे कुंपण पडलेले किंवा उतारावर नवे शेततळे दिसले, तर त्या घराने आलटून-पालटून चराई सुरू केली असण्याचा संभव आहे.

त्यानंतर कृषिगणनेचे तक्ते घ्यावेत. ते एकेका शेताचे नसून काउंटीच्या बेरजांचे असतात. त्यांत कुरणाचे तीन भाग वेगळे दिलेले असतात: केवळ चराईसाठी सोडलेली लागवडीची जमीन, चराईची झाडीची जमीन आणि उरलेले कुरण. जनावरांचा भार काढण्यासाठी सुमारे 450 किलोची गाय हे एक एकक आणि पाच मेंढ्या मिळून एक एकक धरण्याची रीत आहे. समजा, कुरण 60,000 एकर, मोठी गुरे 15,000 आणि मेंढ्या 5,000 असतील, तर एककांची संख्या 16,000 होते आणि प्रत्येक एककाला पावणेचार एकर येतात. येथे एक चूक फार सहज होते. 1945ची गणना 1 जानेवारीच्या, 1950ची 1 एप्रिलच्या स्थितीची होती आणि 1954ची शरद ऋतूत झाली. त्यामुळे वासरांचे आणि विक्रीचे हंगाम निरनिराळ्या ठिकाणी येतात, आणि आकडा वाढला म्हणजे कळप वाढला असे म्हणता येत नाही. घोडे आणि खेचरे किती घटली, हेही अवश्य पाहावे, कारण ट्रॅक्टर आल्यावर त्यांच्या वाट्याचा चारा गुरांसाठी मोकळा झाला.

सर्वांत जास्त वेळ मात्र काउंटी कृषी एजंटांच्या, म्हणजे शेतकऱ्यांना सुधारित शेतीचा सल्ला देणाऱ्या नेमलेल्या माणसांच्या, वार्षिक अहवालांना द्यावा. 1914च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ही विस्तारसेवा देशभर उभी राहिली, आणि शेतीच्या एजंटाबरोबर गृहविषयक एजंट बाईही अहवाल लिहीत असत. केंटकीसारख्या राज्यात कुरण सुधारण्याचा क्रम साधारण असा होता: मातीची तपासणी, पेरणीच्या कितीतरी आधी चुना टाकणे, कारण तो मातीत सावकाश भिनतो, मग फॉस्फेट आणि त्यानंतर फेस्क्यू गवताबरोबर क्लोव्हर हे द्विदल चारापीक. क्लोव्हर हवेतील नत्र जमिनीत आणते; पण कोवळ्या क्लोव्हरने गुरांची पोटे फुगतात, म्हणून भुकेलेले जनावर त्यात न सोडता आधी त्याला सुके गवत खाऊ घालावे लागे. ‘केंटकी 31’ हे फेस्क्यू 1931 मध्ये मेनिफी काउंटीतील एका डोंगरउतारावर पाहण्यात आले आणि 1943 मध्ये प्रसारित झाले. त्याच्यातील बुरशीमुळे गुरांना होणारा अपाय 1970च्या दशकात उलगडला, त्यामुळे आधीच्या अहवालांतील त्याची स्तुती त्या काळच्या ज्ञानाची म्हणूनच वाचावी. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय एजंटांचे अहवाल वेगळे ठेवले जात. ते शोधले नाहीत, तर काउंटीतील कित्येक घरे आपल्या लेखनातून गळून पडतील आणि ती गळाल्याचे आपल्याला कळणारही नाही.

घराघरांत शिरण्यासाठी 1950च्या जनगणनेची पाने उपयोगी पडतात. ती 72 वर्षांनी, 1 एप्रिल 2022 रोजी खुली झाली. घर शेतावर आहे का आणि जागा तीन एकर किंवा त्याहून मोठी आहे का, हे दोन्ही प्रश्न तिच्यात होते. स्थानिक साप्ताहिकांत कोण कोणाकडे रविवारी जेवायला गेले हेही छापून येई, आणि गुरांच्या लिलावाच्या जाहिराती त्याच अंकांत असत.

शेवटी त्या काळातले कोणी हयात असेल, तर बोलायला बसावे. पण ‘तेव्हाचे जीवन कसे होते’ असे मोघम विचारू नये. वसंतात पहिले फाटक कोणत्या कुरणाचे उघडत असे, गासड्या कोण रचत असे, वीज आल्यावर गोठ्यात आधी काय जोडले, असे विचारावे. रानकांद्याबद्दल तर आवर्जून विचारावे. तो खाल्ला की दुधाला वास येई, म्हणून धार काढण्याच्या काही तास आधी गाई कुरणातून बाहेर काढाव्या लागत, आणि हे काम पुष्कळदा शाळेतून परतलेल्या मुलांकडे असे.