स्क्रॅबल, हँगमनसाठी मोठे इंग्लिश शब्द कसे पाठ करायचे

मोठे शब्द म्हटलं की सगळे आधी फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशनच पाठ करायला घेतात, 29 अक्षरांचा शब्द, अर्थ काय तर एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं. ऐकायला भारी आहे पण स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून शब्द बनवायचा खेळ, त्याचा बोर्डच 15 बाय 15 घरांचा, मग लावणार कुठे? 

खरी कमाई 7 आणि 8 अक्षरी शब्दांत आहे. हातातल्या सातही टाइल्स एका चालीत लावल्या की 50 पॉइंट बोनस, आणि आठवं अक्षर बोर्डवर आधीच असलेलं घ्यायचं. 2006 मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला मायकल क्रेस्टा या खेळाडूने क्विक्झॉट्री हा शब्द लावून एका चालीत 365 पॉइंट घेतले होते. क्विक्झॉट्री म्हणजे व्यवहार न बघता स्वप्नाच्या मागे धावणं. क्यूचे 10, एक्सचे 8 पण एक्स डबल लेटरवर, म्हणजे अक्षराचे पॉइंट दुप्पट करणाऱ्या घरावर, म्हणून 16, बाकीचे धरून 35, शब्द दोन ट्रिपल वर्डवरून, म्हणजे अख्ख्या शब्दाचे पॉइंट तिप्पट करणाऱ्या घरांवरून गेला म्हणून नऊपट म्हणजे 315, वर बोनसचे 50. मला तर हा हिशोब कितीही वेळा केला तरी आनंदच होतो!

आता पाठ कसे करायचे. सुटे शब्द घोकू नका, अक्षरांचा एक गठ्ठा धरा. आर, ई, टी, ए, आय, एन ही सहा अक्षरं सारखी हातात येतात, त्यात एस आला की रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, स्टेनर, अँट्सियर असे कितीतरी शब्द होतात, त्यातला जो बसेल तो लावायचा. आयएनजी किंवा ईआर आलं तर रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, एका बाजूला सरकवून ठेवा म्हणजे उरलेल्या अक्षरांतून शब्द पटकन दिसतो. एस पूर्ण खेळात फक्त 4 आणि ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर म्हणून चालणारी कोरी टाइल, 2, दोन-चार पॉइंटसाठी घालवू नका.

अजून लांब शब्द फोड करून लक्षात राहतात. डिफेनेस्ट्रेशन घ्या, लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी, म्हणून कुणाला खिडकीतून बाहेर फेकणं, 1618 ला प्रागमध्ये खरंच फेकलं होतं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं, एवढं कळल्यावर शब्द कशाला विसरतोय. बॉर्बोरिग्मस म्हणजे पोटातली गुडगुड, उच्चारच तसा आहे.

हँगमनला, म्हणजे एकेक अक्षर विचारून लपवलेला शब्द ओळखायच्या खेळाला, वेगळे शब्द लागतात. समोरचा आधी ए, ई, आय, ओ, यू विचारतो, तिथे रिदम्स द्या, 7 अक्षरं आणि यातलं एकही नाही. किंवा अनकॉपीराइटेबल, म्हणजे ज्याचा कॉपीराइट घेता येत नाही असं, 15 अक्षरं आणि एकही रिपीट नाही, त्यामुळे प्रत्येक बरोबर अंदाजाला एकच घर भरतं.

आणि खेळ सुरू व्हायच्या आधी कुठली डिक्शनरी धरायची ते ठरवून घ्या, अमेरिकेतली टूर्नामेंटची यादी आणि कॉलिन्स डिक्शनरीची यादी वेगळी आहे, एकीकडे चालणारा शब्द दुसरीकडे चालेलच असं नाही.