बहुचल आणि सदिश कलनाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम कसा पूर्ण करावा

एका चलाचे कलन शिकून आलेल्या विद्यार्थ्याला बहुचल कलन आरंभी फार ओळखीचे वाटते. आंशिक अवकलज काढताना एक चल सोडून बाकीची चले स्थिर मानली की जुनेच नियम लागू पडतात, आणि पहिले काही आठवडे सहज निघून जातात. फसगत इथेच होते. या विषयातले खरे काम सूत्र लावण्याच्या आधीचे आहे: पृष्ठभाग कसा आहे, प्रदेश कुठून कुठवर पसरला आहे, वक्रावरून कोणत्या दिशेने जायचे आहे, हे ओळखणे. म्हणून पुढे आकृती काढण्याचा आग्रह वारंवार येईल, आणि तो जाणीवपूर्वक धरलेला आहे.

वर्ग सुरू होण्यापूर्वी

जुन्या अभ्यासातले चेन रूल, प्रतिस्थापनाने समाकलन, खंडशः समाकलन आणि साइन-कोसाइनच्या वर्गांची सूत्रे हात न अडखळता लिहिता आली पाहिजेत. त्याखेरीज सदिशांचे डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट, अवकाशातल्या रेषेचे व प्रतलाचे समीकरण आणि तीन बाय तीनचा निर्धारक एवढे पक्के करावे. रेषीय बीजगणित आधी किंवा सोबत घेता आले तर अवश्य घ्यावे, कारण अनेक चलांच्या फलनाचा अवकलज हा मुळात एक मॅट्रिक्स असतो, आणि ही गोष्ट माहीत असली की बहुचल चेन रूल पाठ करावा लागत नाही. तो मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणून समोर उभा राहतो.

पहिले आठवडे: पृष्ठभाग आणि सीमा

दोन चलांच्या प्रत्येक फलनासाठी समपातळी वक्र (ज्यांवर फलनाची किंमत एकच राहते असे वक्र) हाताने काढावेत. क्ष-वर्ग अधिक य-वर्ग याचे वक्र समकेंद्री वर्तुळे होतात, तर क्ष-वर्ग वजा य-वर्ग याचे वक्र अपास्त होतात आणि पृष्ठभाग खोगिरासारखा दिसतो. संगणकावरचे चित्र आपली आकृती तपासण्यासाठी पाहावे, तिच्याऐवजी नव्हे.

सीमेचे (लिमिटचे) प्रकरण अनेक जण घाईने ओलांडतात, पण एकचल आणि बहुचल कलनातला फरक तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. एका रेषेवर बिंदूकडे येण्याच्या दिशा दोनच असतात, प्रतलात मात्र मार्गांना अंत नाही. ‘क्ष-वर्ग गुणिले य’ याला ‘क्ष-चतुर्थघात अधिक य-वर्ग’ याने भागणारे फलन घ्या. आरंभबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेने गेल्यास किंमत ० कडे जाते, परंतु य बरोबर क्ष-वर्ग या अन्वस्तावरून गेल्यास ती सतत १/२ राहते, म्हणून सीमा अस्तित्वातच नाही. हे उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ग्रेडियंटबाबत, म्हणजे आंशिक अवकलज घटक असलेल्या सदिशाबाबत, एकच गोष्ट मनात ठसवावी: तो समपातळी वक्राला लंब असतो आणि फलन सर्वाधिक वेगाने वाढते ती दिशा दाखवतो. एवढे दिसले की दिलेली अट पाळून कमाल-किमान किंमत शोधण्याची लॅग्रांज गुणकाची पद्धतही उलगडते. अट दर्शवणारा वक्र आणि फलनाचा समपातळी वक्र जिथे एकमेकांना स्पर्श करतात, तिथे दोन्ही ग्रेडियंट समांतर होतात. कमाल-किमान किंमती अशा बिंदूंपाशी शोधायच्या असतात.

द्वि आणि त्रि-समाकल: इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

विद्यार्थ्यांचे गुण समाकलन न आल्यामुळे जातात त्याहून अधिक समाकलाच्या मर्यादा चुकीच्या मांडल्यामुळे जातात, असे माझे मत आहे. त्यामुळे क्रम ठरवून घ्यावा. प्रथम प्रदेशाची आकृती काढावी, मग त्यातून एका अक्षाला समांतर बाण न्यावा, तो प्रदेशात कुठे शिरतो व कुठे बाहेर पडतो ते आतल्या समाकलाच्या मर्यादा म्हणून लिहावे, आणि शेवटी बाहेरच्या चलाची व्याप्ती पाहावी. बाहेरच्या मर्यादांत आतले चल उरले असेल, तर मांडणी नक्की चुकली आहे.

क्रम बदलण्याचा सराव वेगळा करावा. क्ष ० ते १ आणि य हा क्ष ते १ अशा त्रिकोणावर ‘ई चा य-वर्ग घात’ याचे समाकलन प्रथम य वर करायला गेल्यास नेहमीच्या फलनांत उत्तरच लिहिता येत नाही. त्रिकोण कागदावर काढून प्रथम क्ष वर समाकलन केले की आत एक य गुणक म्हणून येतो, आणि उत्तर दोन ओळींत मिळते: ई वजा १, भागिले २.

ध्रुवीय, दंडगोलीय व गोलीय सहनिर्देशक वापरताना जेकोबियन, म्हणजे चले बदलताना समाकलात येणारा गुणक, विसरू नये. गोलीय पद्धतीत एक सावधगिरी आवश्यक आहे: थीटा आणि फाय या कोनांचे अर्थ गणिताच्या व भौतिकीच्या पुस्तकांत बहुधा उलट असतात. आपल्या अभ्यासक्रमातला संकेत पहिल्याच दिवशी वहीच्या वरच्या बाजूला लिहून ठेवावा.

सदिश क्षेत्रे आणि तीन प्रमेये

शेवटच्या भागात सदिश क्षेत्रे, म्हणजे प्रत्येक बिंदूला एक सदिश जोडणारी फलने, आणि त्यांच्यावरची ग्रीन, स्टोक्स व डायव्हर्जन्स ही प्रमेये येतात. ती तीन वेगळी सूत्रे म्हणून पाठ करू नयेत. तिन्हींचे म्हणणे एकच आहे: प्रदेशाच्या आत अवकलजाची केलेली बेरीज ही त्याच्या कडेवरच्या मूळ क्षेत्राच्या बेरजेइतकी असते. एकचल कलनाचे मूलभूत प्रमेय हेच दोन टोकांपुरते सांगते. स्टोक्सच्या प्रमेयाचे विधान विल्यम थॉमसन यांनी १८५० मध्ये पत्राने स्टोक्स यांना कळवले होते. स्टोक्स यांनी ते १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून दिले, आणि ती परीक्षा देणाऱ्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते.

प्रमेय लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: दिशा जुळते का, आणि क्षेत्र संपूर्ण प्रदेशात परिभाषित आहे का. ‘वजा य’ आणि ‘क्ष’ हे घटक प्रत्येकी ‘क्ष-वर्ग अधिक य-वर्ग’ याने भागून होणाऱ्या क्षेत्राचा कर्ल (क्षेत्र बिंदूभोवती किती फिरते याचे माप) आरंभबिंदू वगळता सर्वत्र शून्य असतो, तरी आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एक फेरी घेतल्यास रेषा-समाकल २ पाय येतो. आरंभबिंदूवर क्षेत्रच नाही, म्हणून तिथे ग्रीनचे प्रमेय लागू होत नाही.

परीक्षेच्या तयारीत प्रत्येक प्रमेयाचे एक उदाहरण दोन्ही बाजूंनी सोडवावे. एकक गोलावर क्ष, य, झ हे घटक असलेले क्षेत्र घ्या: डायव्हर्जन्स (क्षेत्र बिंदूपासून किती बाहेर पसरते याचे माप) ३ आणि घनफळ ४ पाय भागिले ३, म्हणून आतली बेरीज ४ पाय, पृष्ठभागावर बाहेरच्या दिशेचा घटक सर्वत्र १ आणि क्षेत्रफळ ४ पाय, म्हणून बाहेरची बेरीजही ४ पाय. यानंतर हेच गणित वरच्या अर्धगोलावर करावे, आणि तळाच्या चकतीचा वाटा इथे शून्य का येतो ते पाहावे.